बस चुकली असती तर?

इतिहासावर बेतलेली कलाकृती समोर आली की मी तिला पहिला प्रश्न विचारतो तो असा : इतिहास कोणी घडविला असे ही कलाकृती सांगते? एका थोर व्यक्तीने, योगायोगाने, की अनेकांच्या जाणत्या श्रमाने? प्रस्थापित समीक्षेला हा प्रश्न कलाबाह्य वाटतो. आपल्याला तो तसा वाटू शकत नाही. ज्यांच्या पूर्वजांचे श्रम इतिहासाच्या वहीत नोंदलेच गेले नाहीत, त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न कलाकृतीच्या गाभ्याचाच आहे.

या वेळी तो मला माझ्या एका विद्यार्थिनीने विचारावयास लावला. मी तालुक्याच्या गावी इंग्रजी शिकवितो. महाविद्यालयाची पायरी चढलेला मी माझ्या घरातला पहिला. माझ्यासमोर बसणाऱ्या बहुतेकांचीही गत तीच. द्वितीय वर्षाच्या वर्गाला मी ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानमालिकेतील ‘रोझा’ हा भाग दाखविला. भाग संपेपर्यंत वर्ग गप्प होता. संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, “सर, त्यांची ती बस चुकली असती, तर मग काहीच झालं नसतं का?” त्या दिवशी मी तिला काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेली. ते उत्तर मलाच पटले नव्हते. म्हणून हे लिहितो आहे.

१

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. ‘डॉक्टर हू’ बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन हा लखनौत जन्मलेला तरुण होता. डॉक्टर हे परग्रहावरचे पात्र. पोलिसांच्या निळ्या खोक्यासारखे दिसणारे त्याचे यान काळातून मागेपुढे जाते. मुलांना इतिहास आणि विज्ञान शिकवावे हाही या मालिकेचा मूळ हेतू होता. मध्ये काही वर्षे बंद पडून ती २००५ साली पुन्हा सुरू झाली, आणि २०१८ च्या मालिकेत डॉक्टरची भूमिका प्रथमच एका स्त्रीने, जोडी व्हिटकर हिने केली. त्या मालिकेतील तिसरा भाग ‘रोझा’. तो २१ ऑक्टोबर २०१८ रोजी दाखविला गेला. लेखन मॅलरी ब्लॅकमन आणि ख्रिस चिब्नॉल यांचे. पंचावन्न वर्षांच्या या मालिकेत पटकथा लिहिणारी ब्लॅकमन ही पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती, ही गोष्ट मालिकेविषयीही पुष्कळ काही सांगते.

कथा अशी. डॉक्टर आणि तिचे तीन सोबती १९५५ च्या अलाबामा राज्यात, माँटगोमेरी शहरात उतरतात. रायन हा कृष्णवर्णीय तरुण, यास्मिन खान ही पाकिस्तानी वंशाची ब्रिटिश पोलीस, आणि ग्रॅहम हा निवृत्त गोरा बसचालक. ग्रॅहमची नुकतीच वारलेली पत्नी ग्रेस ही रायनची आजी. याच शहरात क्रास्को नावाचा एक गोरा माणूस भविष्यातून आलेला असतो. हजारो माणसे मारल्याबद्दल तुरुंग भोगून तो सुटला आहे, आणि त्याच्या मेंदूत बसविलेल्या यंत्रामुळे त्याला आता कोणाला ठार मारता येत नाही. म्हणून तो वेगळी युक्ती काढतो. रोझा पार्क्सने ज्या बसमध्ये उठण्यास नकार दिला ती बसच त्या दिवशी तिला मिळू नये, तो चालक कामावर नसावा, बसमध्ये गर्दी नसावी, एवढेच त्याला करायचे आहे. काळ्यांची चळवळ येथूनच सुरू झाली, ती येथेच खुडावी, हा त्याचा डाव. तो हाणून पाडणे आणि बस ठरल्या वेळी, ठरल्या चालकासह, पुरेशा उतारूंसह निघेल असे पाहणे, हे डॉक्टरचे काम.

या भागाचे काही गुण निःसंशय मोठे आहेत. माँटगोमेरीत पाऊल ठेवताच रायन एका गोऱ्या बाईचा पडलेला हातमोजा उचलून देतो आणि तिचा नवरा त्याच्या थोबाडीत मारतो. रोझा मध्ये पडते आणि एमेट टिलची आठवण देते. चौदा वर्षांच्या एमेट टिलचा मिसिसिपीत ऑगस्ट १९५५ मध्ये झालेला खून तेव्हा ताजा होता. विज्ञानमालिकेत राक्षस असतात. येथे राक्षसाची गरजच पडत नाही. हातमोजा पुरतो. आपल्याकडच्या प्रेक्षकाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. माझ्या वर्गाला तर मुळीच लागले नाही.

दुसरा गुण असा की लेखकांनी आजच्या काळाला सूट दिलेली नाही. पोलिसापासून लपून कचरापेटीमागे बसलेले रायन आणि यास्मिन आपापसांत बोलतात ते आजच्या ब्रिटनविषयी. तिसरा गुण त्याहून मोलाचा. क्रास्को भविष्यातला आहे. म्हणजे वंशद्वेष काळाच्या ओघात आपोआप विरून जात नाही, त्याला नवी यंत्रे मिळतात, हे येथे गृहीत धरले आहे. “आता कुठे राहिलंय तसलं काही?” असे ऐकून ज्यांचे कान किटले आहेत त्यांना या गृहीतकाचे मोल कळेल.

२

आता दोषाकडे येतो. हा दोष साधा नाही, कारण सारे कथानक त्याच्यावर उभे आहे.

क्रास्कोला वाटते की एक बस चुकली की चळवळ चुकली. हे त्या खलनायकाचे अज्ञान म्हणून सोडून देता आले असते. परंतु डॉक्टरलाही तेच वाटते! दोघांचे भांडण आहे ते घड्याळाच्या काट्यावरून. इतिहास म्हणजे घड्याळ, एक दाता निखळला की सारे बंद, यावर दोघांचे एकमत आहे. आणि प्रेक्षकही तेच घेऊन घरी जातो. माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न तिच्या अज्ञानातून आला नव्हता. कलाकृतीने तिला जे शिकविले त्यातून तो अगदी सरळ निघाला होता.

वस्तुस्थिती काय आहे? १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स ४२ वर्षांची होती. ती एका मोठ्या दुकानात शिवणकाम करीत असे, हे सर्वांना माहीत असते. १९४३ पासून ती काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राष्ट्रीय संघटनेच्या माँटगोमेरी शाखेची चिटणीस होती, हे फार थोड्यांना माहीत असते. १९४४ मध्ये रीसी टेलर या काळ्या स्त्रीवर गोऱ्यांनी सामूहिक बलात्कार केला, तेव्हा चौकशीसाठी शाखेने रोझाला पाठविले होते. १९५५ च्या उन्हाळ्यात तिने टेनेसीतील हायलँडर फोक स्कूल येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात भाग घेतला होता. थकलेल्या शिंपिणीची दंतकथा सर्वत्र सांगितली जाते. अंगाचा थकवा हे कारण नव्हते असे तिने १९९२ च्या आत्मचरित्रात स्वतःच स्पष्ट केले आहे. ‘रोझा’ ही दंतकथा सांगत नाही, विनेट रॉबिन्सनने उभी केलेली रोझा निश्चयी आहे, हे मान्य केले पाहिजे. पण निश्चय कोठून येतो, कोणत्या कामातून पिकतो, हे हा भाग दाखवीत नाही. रोझाच्या घरी बैठक भरते, तेथे मार्टिन ल्यूथर किंग आणि वकील फ्रेड ग्रे दिसतात. आपल्या मनात उरतो तो मात्र त्यांना पाहून भारावलेला रायन.

शिवाय रोझा ही पहिली नव्हती. त्याच वर्षी २ मार्चला क्लॉडेट कॉल्विन या १५ वर्षांच्या शाळकरी मुलीने त्याच शहरातील बसमध्ये उठण्यास नकार दिला होता आणि तिला पोलिसांनी ओढून नेले होते. ऑक्टोबरात १८ वर्षांच्या मेरी लुईझ स्मिथला अटक झाली. मग लढा त्यांच्या नावावर का उभा राहिला नाही? पुढाऱ्यांनी कॉल्विनचा विचार केला आणि तो सोडून दिला. ती वयाने लहान, गरीब वस्तीतली. पुढे ती गरोदर असल्याचेही कळले. गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांना बोट ठेवायला जागा मिळू नये असा तो हिशेब होता. चळवळीला असे हिशेब करावे लागतात हे मी समजू शकतो. पण ज्यांना वगळले त्यांची नावे पुढच्या पिढीनेही वगळावीत हे मला मान्य नाही. बसमधील वेगळेपणा अखेर मोडला तो ब्राउडर विरुद्ध गेल या खटल्याने. त्या खटल्यात रोझा वादी नव्हती. वादी होत्या ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडोनाल्ड, मेरी लुईझ स्मिथ आणि तीच क्लॉडेट कॉल्विन. घड्याळाच्या कथेत या चौघींना जागाच नाही.

आणि आता त्या रात्रीकडे या. रोझाला अटक झाली त्या गुरुवारी रात्री अलाबामा स्टेट कॉलेजात इंग्रजी शिकविणाऱ्या जो ॲन रॉबिन्सन यांना बातमी कळली. त्या काळ्या स्त्रियांच्या राजकीय मंडळाच्या अध्यक्ष होत्या. १९४९ मध्ये एका बसचालकाने त्यांना अपमानित करून उतरावयास लावले होते. २१ मे १९५४ रोजीच त्यांनी महापौरांना पत्र लिहून बसवर बहिष्काराची शक्यता कळविली होती. अटकेच्या दीड वर्ष आधी! त्या मध्यरात्री त्या कॉलेजात गेल्या, एक सहकारी आणि दोन विद्यार्थी यांच्या मदतीने त्यांनी स्टेन्सिल कापले आणि सायक्लोस्टाइल यंत्रावर पहाटेपर्यंत हजारो पत्रके काढली. सोमवारी कोणीही बसमध्ये चढू नये, एवढाच मजकूर. सकाळी त्यांनी आपला तास घेतला आणि मग पत्रके वाटावयास निघाल्या.

एक कॉलेजशिक्षिका, नोकरी जाण्याची भीती, मध्यरात्र आणि यंत्राचा आवाज. यात नाट्य नाही असे कोण म्हणेल? काळयानातून प्रवास करणाऱ्यांना त्या खोलीचे दार का सापडू नये? क्रास्कोने बस चुकविली असती तरी ते स्टेन्सिल थोड्या दिवसांनी कापले गेलेच असते. माझ्या विद्यार्थिनीला मी त्या दिवशी हे सांगायला हवे होते.

पुढचे ३८१ दिवस तर घड्याळाच्या कथेत बसतच नाहीत. माँटगोमेरीच्या बसमधील सुमारे पाऊण उतारू काळे होते. त्यांच्या तिकिटांवर कंपनी चालत होती आणि त्यांनाच पुढच्या दाराने पैसे देऊन, खाली उतरून, मागच्या दाराने चढावे लागत होते. ५ डिसेंबरपासून हे लोक चालू लागले. मोलकरणी चालल्या, हमाल चालले. काळ्या टॅक्सीवाल्यांनी दहा सेंटात माणसे नेली. नगरपालिकेने किमान भाड्याचा नियम पुढे करून ते बंद पाडले. मग खाजगी मोटारींची साखळी उभी राहिली. जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाकीण बाईने इतर बायांना जमवून घरी केलेले पदार्थ विकले आणि पैसे आंदोलनाला दिले. किंग यांच्या घरावर बाँब पडला, पुढाऱ्यांवर खटले भरले गेले. पहिल्या मागण्या तर अगदी बेताच्या होत्या : सौजन्याने वागवा, आधी येईल तो आधी बसेल, काळ्या वस्तीच्या मार्गावर काळे चालक नेमा. लढताना मागणी वाढली, कारण लढताना माणसे वाढली. चळवळ ही अशी वाढते. तिचे वेळापत्रक बसथांब्यावर लावलेले नसते.

३

एवढे झाल्यावरही या भागातील एका प्रसंगासाठी मी तो पुन्हा वर्गात दाखवीन.

शेवटी क्रास्कोचा बंदोबस्त होतो. रायनच त्याला त्याच्याच शस्त्राने दूरच्या भूतकाळात पाठवितो. बस निघते. काम झाले म्हणून ग्रॅहम उतरू पाहतो आणि डॉक्टरच्या लक्षात येते की आता उतरता येणार नाही. उतारू कमी पडतील. गोऱ्यांच्या जागा भरल्या नाहीत तर रोझाला उठावयास कोणी सांगणार नाही. म्हणजे त्या जागा यांनीच अडवून ठेवायच्या. ग्रॅहम काकुळतीला येतो. त्याची ग्रेस काळी होती, रोझा तिची आदर्श होती, आणि आता तोच रोझाला उठविण्याचे कारण होणार! पण तो बसून राहतो. चालक ओरडतो, रोझा नकार देते, पोलीस तिला घेऊन जातात, आणि तिचे हितचिंतक जागेवर खिळलेले असतात.

सहानुभूतीविषयी एवढे खरे मी फार थोड्या ठिकाणी पाहिले आहे. अन्यायाची व्यवस्था चालविण्यासाठी मनात द्वेष असावाच लागतो असे नाही. जागेवर बसलेले असणे पुरते. ग्रॅहम भला माणूस आहे, त्याचे अश्रू खरे आहेत, आणि त्याच्या बुडाखाली ती जागा आहे. आपल्याकडे दलितांविषयी कळवळ्याने लिहिणाऱ्यांची वाण नाही. त्यांनी हा प्रसंग पाहावा आणि आपण कोणत्या जागेवर बसून लिहितो ते एकदा खाली वाकून पाहावे.

यास्मिनची गोष्टही आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. तिला तेथे मेक्सिकन समजले जाते. बसमध्ये कोठे बसावे हेच तिला कळत नाही. लेखकांनी हा धागा हाती घेतला आणि लवकर सोडला. भारतीय उपखंडातल्या माणसाने अमेरिकेच्या वर्णरेषेवर कोठे उभे राहायचे? भगतसिंग थिंड यांनी १९२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयात एक उत्तर देऊन पाहिले होते. आपण उच्चवर्णीय आर्य, म्हणून गोरेच, म्हणून नागरिकत्वास पात्र, हा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो फेटाळला. वंशभेदाने छळलेल्या माणसाने जातीचा दाखला पुढे करून गोऱ्यांच्या बाकावर जागा मागितली, यापेक्षा जातीचे अधिक नागडे दर्शन कोणते असेल?

४

आणखी एक आक्षेप नोंदवितो. या भागातला अन्याय पाहण्यासाठी बीबीसीचे यान समुद्रापार गेले. ही मालिका सुरू झाली त्याच १९६३ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात बसवर बहिष्कार पडला होता. तेथील बस कंपनी काळ्या आणि आशियाई माणसांना चालक-वाहक म्हणून घेत नसे. पॉल स्टीफन्सन आदी तरुणांनी माँटगोमेरीचे उदाहरण समोर ठेवून एप्रिलमध्ये लढा पुकारला. २८ ऑगस्टला कंपनी नमली. सप्टेंबरात रघबीर सिंग हे शीख गृहस्थ तेथील पहिले गौरेतर वाहक झाले. ग्रॅहम हा इंग्लंडमधला बसचालक! त्याच्या तोंडी ब्रिस्टलचे नाव आले असते तर घरोघरच्या प्रेक्षकांना अलाबामा एवढे लांब वाटले नसते.

पण दूरच्या अन्यायावर रडण्याची सोय फक्त इंग्रजांनाच हवी असते असे नाही. आमच्या शिक्षककक्षात एका सहकाऱ्याने हा भाग पाहून रोझाची तोंडभर स्तुती केली. त्याच आठवड्यात मी २० मार्चच्या निमित्ताने महाडच्या सत्याग्रहावर व्याख्यान ठेवू या असे सुचविले. तेच गृहस्थ म्हणाले, “कशाला उगाच जुने वाद उकरायचे?” रोझा चालते, कारण माँटगोमेरीच्या बसमधली जागा त्यांना सोडावी लागत नाही.

वास्तविक आपल्याला वाहनांचा इतिहास उसना आणण्याचे कारण नाही. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत दोन प्रवास सांगितले आहेत. १९०१ साली मसूर स्टेशनवर उतरलेल्या या पोरांची जात कळताच गाडीवाले नेईनात. अखेर दुप्पट भाडे देऊन मुलांनीच गाडी हाकली आणि गाडीवान बाजूने चालला. पुढे १९२९ साली, परदेशी पदव्या घेऊन बॅरिस्टर झाल्यावर, चाळीसगावी टांगेवाल्यांनी त्यांना नेण्यास नकार दिला. वस्तीतल्या माणसाने सवय नसताना टांगा हाकला, अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. माँटगोमेरीचा चालक काळ्यांना मागे बसवून का होईना, नेत होता. चाळीसगावचा टांगेवाला लगामच हाती धरीत नव्हता. दोन व्यवस्थांतले साम्य आपण नेहमी सांगतो. हा फरकही सांगितला पाहिजे.

क्रास्को महाडला आला असता तर त्याने काय केले असते? तळे सर्वांना खुले करणारा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. तो कागदावरच राहिला. रा. बा. मोरे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी परिषदेची बांधणी केली, कोकणातल्या गावोगावची माणसे भाकरी बांधून निघाली, आणि २० मार्च १९२७ रोजी हजारोंनी पाणी प्यायले. त्यानंतर मार, तळ्याचे ‘शुद्धीकरण’, डिसेंबरात मनुस्मृतीचे दहन, आणि १९३७ पर्यंत चाललेला खटला. क्रास्कोने एखाद्याची बोट चुकविली असती, एखाद्या गावाचा निरोप अडविला असता. त्या भाकऱ्या त्याला अडविता आल्या असत्या काय?

माझे वडील मॅट्रिकच्या पुढे गेले नाहीत. नामांतराच्या दिवसांत ते एकोणीस-वीस वर्षांचे होते. कोणाच्या तरी खोलीत रात्री सायक्लोस्टाइलचा दांडा फिरविणे एवढेच त्यांचे काम होते. शाई नखांत आठवडाभर राहायची, असे ते सांगत. विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. ठराव झाल्यापासून सोळा वर्षे लागली. त्या सोळा वर्षांतला कोणताही एक दिवस काढून टाकला असता तरी ते झालेच असते, आणि त्या सोळा वर्षांतली माणसे काढून टाकली असती तर कधीच झाले नसते. जो ॲन रॉबिन्सन यांच्याविषयी वाचले तेव्हा मला प्रथम वडिलांची नखे आठवली.

‘रोझा’ संपताना रोझाला १९९९ मध्ये मिळालेले सुवर्णपदक दिसते आणि तिच्या नावाचा लघुग्रह दाखविला जातो. तिचे नाव आकाशात गेले याचा मला आनंद आहे. बहिष्कारानंतर तिची नोकरी गेली आणि १९५७ मध्ये तिला पोटासाठी डेट्रॉइटला जावे लागले, हेही त्याच वेळी सांगितले असते तर आनंद अधिक सच्चा झाला असता.

पुढच्या आठवड्यात तो भाग मी पुन्हा लावणार आहे. त्याआधी वर्गाला क्लॉडेट कॉल्विनची गोष्ट सांगेन, कारण माझ्या विद्यार्थिनी जवळजवळ तिच्याच वयाच्या आहेत. आणि त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर देईन : ती बस चुकली असती तर तिच्या मागून दुसरी आली असती. तीत चढायला तयार असलेली माणसे आधीच थांब्यावर उभी होती.